पिवळ्या टोपणाचा सत्तेचाळीस

४ ऑक्टोबर

सासऱ्यांनी नाव दिलं! कुठे? तर माझ्याच प्रयोगशाळेच्या अभ्यासात. आणि कुठल्या गटात — "लस न घेतलेले"!

मुद्दाम जिन्यात गाठून सांगितलं. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या, तीन मजले चढायचे बाकी, आणि हे आपल्या तळमजल्याच्या खोलीच्या दारात हाताची घडी घालून उभे. "सूनबाई, आता माझं रक्त तुझ्या हाताखालून जाणार. बघ नीट. बिनलशीचा माणूस कसा ठणठणीत असतो ते कळू दे तुमच्या साहेबाला."

मी म्हटलं, "बघते."

दुसरं काय म्हणणार? पिशव्या खाली ठेवल्या असत्या तर हात मोकळे झाले असते.

५ ऑक्टोबर

साहेबांना विचारलं, घरचं माणूस अभ्यासात चालतं का. चष्मा न काढता म्हणाले, "नंबर टाकला की नातं संपलं. नावं ऑफिसच्या कपाटात, कपाटाला कुलूप. तुमच्याकडे नुसता आकडा येणार."

नातं संपलं! इतकं सोपं असतं तर माझ्या घराचा जिना त्यांच्या दारावरून गेला असता का?

९ ऑक्टोबर

पहिले नमुने आले. एकशे वीस नळ्या. हिरवं टोपण म्हणजे लस घेणारे, पिवळं म्हणजे न घेणारे. खरं तर मला रंग कळायलाच नको, पण साहेबांना सोय हवी.

नळ्या घेऊन आल्या त्या सिस्टर. बाकीचे सिस्टर म्हणतात, या वहीत ती महाराणी. सव्वीस वर्षं लोकांची रक्तं काढतेय, चालते अशी की दवाखाना तिच्या आजोबांनी बांधला. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडून फ्रीजरचं दार उघडं राहिलं. चाळीस नमुने वितळले. हिने मला हाक मारून सांगितलं असतं तर? नाही! रजिस्टरमध्ये वेळेसकट लिहिलं, खाली सही ठोकली. माझी बढती तिथेच अडकली, अजून अडकलेली आहे.

आज म्हणाली, "मॅडम, नळ्या मोजून घ्या."

मी तीनदा मोजल्या. तिला उभं ठेवून.

११ ऑक्टोबर

सगळी ताटं लावून झाली. हे काम मात्र मला आवडतं, ते लिहायला लाज नाही. प्लॅस्टिकचं ताट, त्याला शहाण्णव खळगे. त्यात रक्तातलं सीरम पातळ करत जायचं — दहा पट, वीस पट, चाळीस, ऐंशी. त्यावर फ्लूचा विषाणू, आणि शेवटी कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी. विषाणू मोकळा असेल तर पेशींना एकमेकींत गुंतवतो, खळग्यात गुलाबी धुकं पसरतं. माणसाच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं असतील तर ती त्याला जखडतात, आणि पेशी निमूट तळाशी घसरून लाल बटण होतात. बटण जितकं दूरच्या खळग्यापर्यंत दिसेल तितका माणूस तयारीचा. यंदाच्या लशीत विषाणूचे तीन प्रकार आहेत, म्हणून माणशी तीन आकडे.

आज सगळे सारखेच. दहा, वीस, क्वचित चाळीस. हिरवे काय, पिवळे काय. आता हिरव्यांना लस देणार आणि महिन्याने पुन्हा रक्त घेणार.

साठ पिवळ्यांत एक सासरा आहे. कुठला ते कळलं असतं तर त्या नळीकडे बघून जीभ काढून दाखवली असती.

२१ ऑक्टोबर

नवऱ्याशी भांडण. विषय तोच.

"अकरा महिने झाले," म्हणतो. "म्हातारा माणूस आहे. नातीला नुसतं दारातून बघू दे."

दारातून! मागच्या वर्षी दारातूनच आले होते. खोकत. मी विचारलं तर म्हणाले, "धुळीचा खोकला आहे, सूनबाई." तिसऱ्या दिवशी लेकीला एकशे तीन ताप. अकरा वर्षांची पोर, बापाचं मूत्रपिंड पोटात बसवलेलं, शरीराने ते नाकारू नये म्हणून सगळी ताकदच औषधांनी दाबून ठेवलेली. तिला दिलेली लस तिच्यात निम्मीसुद्धा लागत नाही. म्हणून तर भोवतीच्या प्रत्येकाने घ्यायची असते! एकोणीस दिवस दवाखान्यात होती. मूत्रपिंड जाता जाता राहिलं. आणि हे महाशय बाहेरच्या बाकावर बसून काय म्हणाले? "चालू मशीन उघडायची नसते. मी सत्तर वर्षांत सुई टोचून घेतली नाही."

चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होते. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे गिअरबॉक्स.

त्या दिवशी सांगितलं होतं — लस घ्याल तेव्हा वर या. नाहीतर माझ्या लेकीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. टाकलं नाही. लसही घेतली नाही. असा माणूस!

नवरा म्हणाला, "तुझं बरोबर आहे गं. पण तू बोलतेस ना, तेव्हा बरोबर असलेलंही घ्यावंसं वाटत नाही."

दोन दिवस त्याच्याशी बोलणार नाही.

२२ ऑक्टोबर

बोलावं लागलं. गॅस संपला.

१४ नोव्हेंबर

दुसरे नमुने. हिरव्यांची बटणं पार टोकापर्यंत — एकशे साठ, तीनशे वीस. छान! पिवळे होते तिथेच. दोघातिघांना मधे फ्लू होऊन गेला असावा, त्यांचा तीनपैकी एकच आकडा उसळलाय. तसंच होतं. आजार एका विषाणूचा असतो. लशीत तिन्ही असतात.

आणि मग पिवळा सत्तेचाळीस.

तीनशे वीस. एकशे साठ. तीनशे वीस. तिन्ही!

हे बिनलशीचं रक्त नाही. पुन्हा लावून बघितलं, तेच. म्हणजे हिरव्याची नळी पिवळ्यात आलीय. टोपणं कोण लावतं? चिठ्ठ्या कोण चिकटवतं?

महाराणी!

खोटं कशाला लिहू — छातीत ऊन पडल्यासारखं वाटलं.

१५ नोव्हेंबर

थेट तिच्या टेबलाशी गेले. स्टाफची तपासणी चालू होती, आमचीच चार माणसं रांगेत. बरंच झालं.

"सिस्टर, सत्तेचाळीसची नळी बदललीय तुमच्याकडून."

तिने सुई काढली, त्या माणसाच्या हातावर कापूस दाबला, आणि त्याला म्हणाली, "पाच मिनिटं धरून ठेवा." मग माझ्याकडे बघितलं. "नळ्या बदललेल्या नाहीत."

"मग तिन्ही आकडे चढले कसे?"

"त्या माणसाला बोलवा आणि विचारा."

"तुम्हीच सांगा ना."

"माझं सांगून झालं," म्हणाली, आणि पुढच्याला बाही वर करायला सांगितली. मी म्हणजे खिडकीतून आलेला वारा!

परत येऊन तक्रार लिहिली. वेळेसकट. खाली सही.

१८ नोव्हेंबर

साहेबांच्या खोलीत चौकशी. तिने पुन्हा तेच — बदललेल्या नाहीत, माणसाला बोलवा, विचारा. साहेब डळमळले. "बोलवायचं का हो?" मला विचारलं.

मी म्हटलं, "एकाला बोलवलं तर एकशे वीस जणांना बोलवावं लागेल. आणि चूक मान्य करायला काय हरकत आहे? माझ्याकडून फ्रीजर उघडा राहिला तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं."

तिने एकदाच माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. काही सांगायचं आहे आणि गिळतेय असं. अपराधीच माणूस असं बघतं!

संध्याकाळी आदेश निघाला. रक्त काढण्याच्या कामावरून बाजूला. तळघरातलं भांडार — कापूस, सुया, हातमोजे मोजायचे. सत्तेचाळीस क्रमांक अभ्यासात "संशयित" म्हणून वेगळा.

१९ नोव्हेंबर

झोप मस्त लागली.

६ डिसेंबर

सासऱ्यांनी जिन्यात पुन्हा अडवलं. हातात वर्तमानपत्राची घडी. बाहेरच्या कुठल्याशा अभ्यासाची बातमी. "वाच! फ्लू झाल्यावर लस न घेतलेल्यांच्या रक्तात आठपट वाढ. घेतलेल्यांच्यात दुप्पट. कोणाचं रक्त जास्त लढलं?"

मी म्हटलं, "बाबा, दहावरून ऐंशी म्हणजे आठपट. एकशे साठवरून तीनशे वीस म्हणजे दुप्पट. आता सांगा, जास्त कोणाकडे आहे? आणि हे ऐंशी कधी मिळाले? आठ दिवस अंथरुणात तडफडल्यावर! ज्याचं आधीच तयार होतं त्याच्याकडे उसळायला जागाच कमी."

वर्तमानपत्राची घडी काखेत मारली. मग आवाज खाली आणून, कधी नव्हे ते, विचारलं, "म्हणजे घेतलेल्याचं आधीच तयार असतं? आणि त्याच्यापासून दुसऱ्याला होत नाही?"

"होण्याची शक्यता कमी होते. शून्य होत नाही. पण तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही," म्हणाले. दार लावून घेतलं.

शेवटचा शब्द माझा होता. वर येईपर्यंत पुरला.

२० डिसेंबर

तळघरात हातमोजे आणायला जावं लागलं. महाराणी लोखंडी स्टुलावर, गुडघ्यावर शाल. पावती पुढे केली तर म्हणाली, "मोजून घ्या, मॅडम."

नाही मोजले. का ते माहीत नाही. राग येत होता.

१० जानेवारी

तिसरे नमुने. रक्त काढायला आता दुसऱ्या विभागातला एक सज्जन आलाय, दंडावर काळानिळा डाग उठवल्याशिवाय सोडत नाही कोणाला. लोक विचारतात, आधीच्या सिस्टर कुठे गेल्या?

साहेब म्हणाले, सत्तेचाळीसचंही लावून टाका, बघू तर.

लावलं.

एकशे साठ. एकशे साठ. एकशे साठ.

नवा माणूस, नवी नळी, नवी चिठ्ठी. बटणं तीच. ताट उजेडात धरून उभीच राहिले. खांदा भरून आला तेव्हा कळलं की खाली ठेवायचं असतं.

नळी बदललीच नव्हती. सत्तेचाळीसनेच कुठेतरी लस घेतली आहे आणि सांगितलेलं नाही. एवढी साधी गोष्ट! पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती. सुचली नव्हती का? सुचली होती. ती म्हणालीसुद्धा, बोलवा आणि विचारा. मला नको होतं.

आज कोणाला सांगितलं नाही.

११ जानेवारी

सकाळी साहेबांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि कपाटातून चिठ्ठी काढून दिली — नाव नाही, नुसता फोन नंबर. "तुम्हीच विचारा. गोडीत."

कॉरिडॉरमध्ये जाऊन आकडे दाबले. दहावा आकडा दाबला आणि पडद्यावर आपोआप नाव उमटलं.

"सासरे (खालचे)".

फोन कानाला न लावताच बंद केला. दुपारची रजा टाकली. घरी.

तळमजल्याच्या दाराला कुलूप. तीन मजले धावत चढले. लेकीच्या खोलीतून हसण्याचा आवाज. दार ढकललं — सासरे तिच्या पलंगाशेजारी खुर्चीवर! नाकावर मास्क, हातात तिचं गणिताचं पुस्तक. नवरा खिडकीपाशी. आज त्याचं ऑफिस आहे असा माझा समज होता.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला असणार.

ओरडून झालं तरी कोणी हललं नाही. मग सासरे म्हणाले, "घेतलीय मी. पावणेतीन महिने झाले."

"माहीत आहे! तुमचं रक्त बघितलंय मी! सांगितलं का नाही?"

"तुला?" एवढंच म्हणाले.

मग हळूहळू सगळं निघालं. पहिल्यांदा रक्त द्यायला गेले तेव्हा फॉर्म भरताना सिस्टरने विचारलं होतं, घरात कोणी नाजूक तब्येतीचं आहे का. यांनी नातीचं सांगितलं. "शेवटचं कधी भेटलात?" हे म्हणाले, "अकरा महिने होत आले." तिने पेन खाली ठेवलं. भाषण नाही, आकडे नाहीत. इतकंच म्हणाली, "शनिवारी मी पलीकडच्या दवाखान्यात असते."

दोन शनिवार हे दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या शनिवारी आत गेले.

मी दोन वर्षं घसा फोडला. तिने एक वाक्य टाकलं!

"तिच्याकडून शब्द घेतला होता," सासरे म्हणाले, "घरी कळता कामा नये. ती म्हणाली, पेशंटचं मी बाहेर बोलत नाही, पण अभ्यासवाल्यांना तुम्ही स्वतः सांगा. तीनदा बजावलं. मी नाही सांगितलं. नाव काढायला गेलो असतो तर तुझ्यापर्यंत आलं असतं."

"आणि आलं असतं तर?"

उत्तर लेकीने दिलं. पुस्तकातून डोकं न काढता. "तर तू जिंकली असतीस, आई. आणि आम्हाला रोज ऐकवलं असतंस."

"तिला भांडारात टाकलंय," मी म्हटलं. "तुमच्यामुळे."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. मग हळू म्हणाले, "माझ्यामुळे? तक्रार कोणी लिहिली?"

मी खोलीतून बाहेर आले. दार आपटलं नाही. तेवढंच जमलं.

१२ जानेवारी

तळघरात गेले. ती सुया मोजत होती.

म्हटलं, "सत्तेचाळीस म्हणजे माझे सासरे. मला काल कळलं. तुम्हाला आधीपासून माहीत होतं."

"हो."

"चौकशीत सांगायचं होतंत! तुमची नोकरी धोक्यात होती!"

"पेशंटचं होतं ते. माझं नव्हतं."

"माझं चुकलं, सिस्टर."

तिने मोजणी पुरी केली, आकडा लिहिला, मग वर बघितलं. वाटलं, आता म्हणेल असू दे. लोक म्हणतात. ती नाही म्हणाली.

"तक्रार कागदावर होती ना? मग हेही कागदावर द्या. आणि चार माणसांपुढे बोललात, ती चार माणसं मला माहीत आहेत. इथे खाली माझ्यापाशी येऊन पुटपुटू नका. मला ऐकायला बरं वाटत नाही आणि तुम्हाला बोलताना वाटतंय."

इतकं झोंबलं! खरं असल्यामुळे जास्त.

जिना चढताना दोन वेळा परत फिरून उत्तर द्यावंसं वाटलं. दोन्ही वेळा चढतच राहिले.

१५ जानेवारी

कागद दिला. सगळं लिहिलं — नळी बदललेली नव्हती, माणसाला बोलवा असं सिस्टर म्हणाल्या होत्या, नको असं मी म्हणाले होते. साहेब म्हणाले, "शेवटचं वाक्य गाळलं तर चालेल हो. तुमच्या फाइलला लागेल."

म्हटलं, "लागू दे."

सासऱ्यांनीही लिहून दिलं. एका शब्दाचीही खाडाखोड नाही. खाली टीप — "सूनबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं." मला वाचवताहेत की टोचताहेत? बहुतेक दोन्ही.

१६ जानेवारी

सकाळच्या चहाला सगळे जमतात तिथे उभं राहून बोलले. कोणी कपातून वर बघेना. त्या चारांतली तीनच माणसं होती. चौथी रजेवर. तिला उद्या गाठते.

सिस्टर वर परत आल्या. हातावर डाग उठवणारा सज्जन गेला. रांगेतली एक आजीबाई त्यांचा हात धरून रडलीच.

माझ्याकडे आल्या, नळ्या ठेवल्या. "मोजून घ्या, मॅडम." ना कमी ना जास्त. कणखर आहे बाई! आवडत नाही मला ती. अजूनही नाही. महाराणी मात्र लिहिवत नाही.

घरी सासरे वर जेवायला आले. मीठ कमी आहे म्हणाले. मी म्हटलं, खाली जाऊन खा. लेक हसली. तेवढ्यावर निभावलं.

१९ जानेवारी

एक गोष्ट या वहीतही लिहिली नव्हती.

ऑक्टोबरात प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना लस दिली. टेबलावर सिस्टर होत्या. त्यांच्यापुढे बाही वर करायची नव्हती म्हणून मी गेलेच नाही. बाहेर कुठेतरी घेईन म्हटलं, आणि घेतली नाही. साडेतीन महिने लेकीच्या उशाशी बसले, सासऱ्यांना खाली ठेवून. घरात लस न घेतलेली एकटी मी होते.

यादी सिस्टरांकडे होती. माझ्या नावापुढची रिकामी जागा त्यांना चौकशीच्या दिवशीही माहीत होती.

आज त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले. त्यांनी यादी उघडली नाही. कापूस भिजवला आणि विचारलं, "डावा की उजवा?"